बरोक सोप्रानो: जुनं संगीत, नवा पेशा

गायिका एमा कर्कबी १९४९ साली इंग्लंडमध्ये जन्मल्या, तेव्हा केवळ बरोक संगीत गाऊन पोट भरणारी सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीत गाणारी गायिका, कुणाच्या स्वप्नातही नव्हती. संगीत होतं, म्हणजे मोंतेव्हेर्दी, पर्सेल, बाख, हँडल यांचं, साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांतलं. ते गाणाऱ्या बायकाही होत्या. पण त्या आज हँडल, उद्या एकोणिसाव्या शतकातला व्हर्दी, परवा वाग्नर गायच्या आणि सगळीकडे साधारण एकाच घडणीचा आवाज लावायच्या. हा आवाज मोठ्या ऑर्केस्ट्रावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा आणि प्रत्येक लांब स्वरावर त्यात भरघोस कंप असायचा. इझोबेल बेलींसारखी एखादी स्वच्छ, हलक्या गळ्याची गायिका अपवाद म्हणून नावाजली जायची.

आज युरोपातल्या संगीत विद्यालयांत जुन्या संगीताचे वेगळे विभाग आहेत आणि गायिका ठरवून या वाटेने जातात. ही वाट गेल्या पन्नासेक वर्षांतली. तरी तिच्याभोवती 'अस्सल', 'मूळ पद्धतीचं' अशा शब्दांचं वलय आहे, म्हणून थोडं मागं जाऊन पाहायला हवं.

१५८०च्या सुमारास इटलीत फेर्राराच्या दरबारात ड्यूक अल्फोन्सो दुसरा याने गाणाऱ्या बायकांचं एक पथक ठेवलं होतं. लाउरा पेव्हेरारा, आन्ना ग्वारिनी, लिव्हिया द'आर्को. त्यांचं गाणं निवडक पाहुण्यांसाठी खासगी दालनात व्हायचं आणि रचना छापायची परवानगी नसायची. दरबारी संगीतकार लुझ्झास्कीने ती गाणी १६०१ साली छापली, तेव्हा ड्यूक मरण पावला होता. छापील पानावर आवाजांचे गुंतागुंतीचे अलंकार अक्षरशः लिहिलेले आहेत, त्यामुळे या बायका किती तयारीच्या होत्या ते आजही कळतं.

चर्चमध्ये मात्र बाईच्या आवाजाला बहुतेक ठिकाणी बंदी होती. पोपच्या रोममध्ये तर रंगमंचही बंद. मग उंच स्वर कोण गाणार? इटलीत वयात येण्याआधी खच्ची केलेले पुरुष, म्हणजे कास्त्राती, आणि लाइपझिगला बाखच्या चर्चमध्ये शाळकरी मुलं. आज सोप्रानो बाखच्या चर्चसाठीच्या कँटाटांमधलं (वाद्यांच्या साथीने गायच्या धार्मिक रचना) जे गाते, ते त्याने त्या पोरांच्या गळ्यांसाठी लिहिलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

ऑपेरात मात्र बायका होत्या, आणि कशा! लंडनमध्ये हँडलच्या ऑपेरात गाणारी फ्रान्चेस्का कुझ्झोनी एक गाणं गायला तयार होईना, तेव्हा त्याने तिला खिडकीतून बाहेर फेकण्याची धमकी दिली, अशी दंतकथा आहे. १७२६ साली तिच्या जोडीला फाउस्तिना बोर्दोनी आली आणि शहरात तट पडले. ६ जून १७२७ला बोनोन्चिनीच्या एका ऑपेराच्या वेळी दोघींच्या चाहत्यांनी युवराज्ञी कॅरोलाइनसमोर शिट्ट्या-आरडाओरड करून प्रयोग बंद पाडला. या बायका तालेवार होत्या, हट्टी होत्या आणि लिहिलेल्या स्वरांवर थांबणाऱ्या नव्हत्या. त्या काळच्या आरियात, म्हणजे ऑपेरातल्या एकल गाण्यात, पहिला भाग शेवटी पुन्हा येतो, आणि तो जसाच्या तसा गाणं हे कमीपणाचं मानलं जाई. ख्यालात अस्ताई परत येताना गवयाकडून जी अपेक्षा असते, तीच इथे.

एकोणिसाव्या शतकात हे सगळं विस्मरणात गेलं. हँडलचा 'मसाया' (गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठीची धार्मिक रचना) उरला, पण लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारोंच्या वृंदाने गायलेला. मेंडेल्सोनने १८२९ साली बर्लिनला बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' पुन्हा उभं केलं, तेही काटछाट करून आणि आपल्या काळाच्या थाटात. जुनी वाद्यं जुन्या रीतीने वाजवण्याचा ध्यास घेतलेला पहिला मोठा माणूस म्हणजे आर्नोल्ड डोल्मेच. १९२५ साली त्याने हॅझलमियरला महोत्सव सुरू केला. पुढे व्हिएन्नात हार्नोनकूर, हॉलंडमध्ये लेओनहार्ट. १९७१ला या दोघांनी बाखच्या सगळ्या धार्मिक कँटाटा ध्वनिमुद्रित करायला घेतल्या आणि सोप्रानोच्या जागी बहुतेक ठिकाणी मुलगेच उभे केले. म्हणजे चळवळ रंगात आली, तेव्हा बाईच्या आवाजाची जागा पक्की नव्हतीच.

कर्कबींचं करिअर इथून सुरू होतं, आणि तेही चुकून लागल्यासारखं. ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात त्या ग्रीक-लॅटिन शिकल्या, मग शाळेत शिकवू लागल्या. विद्यापीठाच्या गायकवृंदात त्या हौसेने गायच्या; तिथले संचालक अँड्र्यू पॅरट यांनी पुढे टॅव्हर्नर कॉयर काढला, त्यात त्या होत्या. ल्यूटवादक अँथनी रूली यांच्या कॉन्सॉर्ट ऑफ म्यूझिकमध्ये त्यांनी इंग्रज संगीतकार डाउलंडची गाणी आणि इटालियन माद्रिगाल, म्हणजे अनेक आवाजांत गुंफलेली गाणी, गायली. आवाजाची रीतसर तालीम त्यांनी जेसिका कॅश यांच्याकडे घेतली. ऑपेराच्या रंगमंचाकडे त्या फारशा फिरकल्या नाहीत.

त्यांचा आवाज बारीक, सरळ, शब्द स्वच्छ. मोठ्या ऑर्केस्ट्रापुढे तो टिकला नसता. पण आता साथीला आतड्याच्या तारांची व्हायोलिनं आणि हार्पसिकॉर्ड होतं, सूर आजच्यापेक्षा अर्धा स्वर खाली लावलेला, खोली लहान, आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोर मायक्रोफोन. क्रिस्टोफर हॉगवुड यांनी १९७३ला अॅकॅडमी ऑफ एन्शंट म्यूझिक स्थापली. डेका या ध्वनिमुद्रण कंपनीच्या ल्वाझो-लीर या लेबलने असल्या वाद्यवृंदांना तबकड्यांवर आणलं. १९७९ला मुद्रित झालेला, १७५४च्या लंडनमधल्या प्रयोगावर बेतलेला हॉगवुड यांचा 'मसाया' निघाला, त्यात कर्कबी गायल्या होत्या, आणि हँडल इतका हलका, इतका चपळ असू शकतो हे घराघरांत कळलं. दोनच वर्षांनी कर्कबी बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड या जर्मन संन्यासिनीच्या रचनाही गायल्या, गॉथिक व्हॉइसेस या गायकगटाबरोबर. ती तबकडी अनपेक्षितपणे तुफान खपली आणि हायपेरियन या छोट्या कंपनीचा पाया पक्का झाला. ही कंपनी चालवण्यासाठी तिचे मालक टेड पेरी भाड्याची मोटार हाकत होते. पेशा उभा राहायला असेही लोक लागतात.

आता तो मुलांचा मुद्दा. कर्कबींच्या आवाजाचं कौतुक करताना समीक्षक हटकून चर्चमधल्या कोवळ्या मुलाच्या आवाजाची आठवण काढत. माझ्या मते त्यांच्या यशाची किल्ली तिथेच आहे. इंग्रजांचा कान कॅथेड्रलच्या मुलांवर पोसलेला. तोच स्वर एका जाणत्या, अर्थ समजून गाणाऱ्या बाईच्या गळ्यातून आला आणि लोकांनी त्याला 'बरोक' म्हटलं. कुझ्झोनी-फाउस्तिनांच्या नाट्यमय गाण्याशी त्याचं नातं कितपत आहे, ही शंका रास्तच. 'अस्सल' म्हणून जे विकलं जातं ती विसाव्या शतकाचीच आवड आहे, असं अमेरिकन अभ्यासक रिचर्ड टारस्किन वर्षानुवर्षं ठणकावून सांगत राहिले. ते पटतं. पण म्हणून त्या गाण्याची किंमत मला कमी वाटत नाही. डाउलंडची ओळ इतकी बोलकी करणारं दुसरं कोण होतं?

नाट्यमय गाण्याच्या त्या शंकेला उत्तर इंग्लंडबाहेरून आलं. १९८७ला पॅरिसमध्ये वाद्यवृंद संचालक विल्यम क्रिस्टींनी सतराव्या शतकातल्या ल्यूलीचा 'आतिस' हा फ्रेंच ऑपेरा उभा केला आणि फ्रेंच शब्दोच्चार, अभिनय, नृत्य यांसकट बरोक पुन्हा रंगमंचावर आलं. मग सांद्रिन प्यो, रोबेर्ता इनव्हेर्नित्सी यांच्यासारख्या गायिका आल्या, ज्यांच्या गाण्यात कंपही आहे, संतापही आहे, आणि आरिया परतताना पुरेसा धीटपणाही. दरम्यान २००७ साली कर्कबींना 'डेम' किताब मिळाला, आणि त्याच वर्षी बीबीसी म्यूझिक मॅगझिनने घेतलेल्या कौलात सर्वश्रेष्ठ सोप्रानोंच्या यादीत त्या दहाव्या आल्या. बाकीची यादी बहुतेक मोठ्या ऑपेरागृहांतल्या गायिकांनी भरलेली होती.