दिव्यांग भावाच्या नावे पैसे ठेवण्याआधी: अनुदान, पालकत्व आणि ट्रस्ट

बौद्धिक दिव्यांग भावाला संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान चालू आहे, आई-वडील थकले आहेत, म्हणून घरचे पहिलं काम करतात ते त्याच्या नावावर एफडी टाकण्याचं. घोळ तिथेच होतो. या योजनेत दिव्यांग लाभार्थ्याच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,००० रुपयांच्या आत लागतं. सव्वासात लाखांच्या एफडीवर ७ टक्क्यांनी ५०,७५० रुपये व्याज येतं. मर्यादा तेवढ्यानेच ओलांडली. व्याज लपवून दाखला काढण्याच्या भानगडीत पडू नका. अनुदान महिना २,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ३०,०००. मोठी रक्कम ठेवायची असेल तर हे अनुदान हातचं जाणार, हे धरूनच आकडेमोड करा.

दुसरी अडचण सहीची. मुलगा १८ वर्षांचा झाला की आई-वडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. एफडी मोडायला गेलं की बँक पालकत्वाचं प्रमाणपत्र मागते. नॉमिनी म्हणून त्याचं नाव घातलं तरी पैसे घेताना हाच प्रश्न येतो.

म्हणून आधी पालकत्व. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. समितीत जिल्हाधिकारी असतात. कोर्टात जावं लागत नाही. आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था 'फॉर्म ए' भरून अर्ज करू शकते. सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, वयाचा व रहिवासाचा पुरावा, फोटो आणि होणाऱ्या पालकाची संमती. भावंडांची ना-हरकतही आधीच लेखी घेऊन ठेवा, पुढची कुरबुर टळते. स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजाराला मात्र हा कायदा लागू नाही.

पैसे त्याच्या हाती थेट न देता खर्चायचे असतील तर १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखाली खासगी ट्रस्ट करता येतो, म्हणजे पैसे त्याच्यासाठी विश्वस्त (ट्रस्टी) सांभाळतात. मृत्युपत्रातूनही करता येतो. ट्रस्टी किमान दोन ठेवा, त्यातला एक भावंडांबाहेरचा असलेला बरा. औषधं, सांभाळणाऱ्या बाईचा पगार, राहण्याचा खर्च यांचा दस्तात स्पष्ट उल्लेख हवा, आणि त्याच्या पश्चात उरलेलं कुणाचं, हेही. हयातीतच घर ट्रस्टमध्ये घालायचं तर दस्त नोंदवावाच लागतो. ट्रस्ट केला म्हणून उत्पन्न अदृश्य होत नाही, हे सल्लागार सांगत नसेल तर तुम्ही विचारा.

सांभाळणाऱ्याला प्राप्तिकरात १९६१ च्या कायद्यातल्या ८०डीडी कलमाची वजावट होती: ७५,००० रुपये, ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,०००. अवलंबून असलेले भाऊ-बहीणही त्यात येत होते, पण करप्रणाली जुनी निवडलेली लागत होती.

पालकत्व मिळाल्यावर फाइल कपाटात टाकू नका. नेमणुकीपासून ६ महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी 'फॉर्म सी'मध्ये आणि आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब 'फॉर्म डी'मध्ये समितीला द्यावा लागतो. औषधांची बिलं त्यासाठीच जपायची.