सीतेची वेणी म्हणजे बांडगूळ नव्हे

‘आंब्या-फणसाच्या फांदीवर वाढणारी सीतेची वेणी झाडाचा रस शोषते, दिसली की उपटून टाका’ असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. शंका येणं स्वाभाविक आहे, कारण त्याच आंब्यावर खरं बांडगूळही असतं. पण सीतेची वेणी हे ऑर्किड आहे, ते झाडाकडून फक्त आधार घेतं.

फरक मुळाशी दिसतो. बांडगुळाचं मूळ सालीतून आत लाकडापर्यंत घुसतं आणि सांध्यापाशी फांदी गाठीसारखी फुगते. सीतेच्या वेणीची जाड मुळं सालीवर नुसती चिकटलेली असतात. पडलेल्या फांदीवरचं एखादं मूळ अलगद सोडवून पाहा, खालची साल शाबूत असते. कोरडं मूळ पांढुरकं दिसतं. त्यावर पाणी शिंपडा, थोड्याच वेळात ते हिरवं होतं. वरचा स्पंजासारखा थर पावसाचं, दवाचं पाणी टिपतो, अन्न मात्र रोप मुख्यतः स्वतःच्या हिरव्या पानांत बनवतं.

सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे, वाळलेल्या लाकडाच्या ओंडक्यावर काथ्याने बांधलेलं रोपही वर्षानुवर्षं जगतं, मे-जूनमध्ये फुलतं. मेलेल्या लाकडावर बांडगूळ जगूच शकत नाही.

म्हणूनच सीतेची वेणी मातीच्या कुंडीत लावू नका. मुळांना हवा मिळत नाही, ती काळी, मऊ पडून कुजतात. आणि जंगलातल्या झाडावरून तर कृपा करून ओरबाडू नका, रोपवाटिकेतलं घ्या.