कॅम्प आणि कँटोन्मेंट एकच का?

पुण्यात आपण "जरा कॅम्पात जाऊन येतो" म्हणतो, "कँटोन्मेंटात जाऊन येतो" कोणी म्हणत नाही, पण तिथला कारभार बघणाऱ्या बोर्डाच्या कागदांवर बघाल तर कँटोन्मेंटच लिहिलेलं असतं. म्हणून बऱ्याच जणांना दोन्ही एकच वाटतं, पण तसं नाहीये.

कॅम्प हा शब्द लॅटिनमधल्या 'काम्पुस'वरून आला, म्हणजे मोकळं मैदान, सैन्य तिथे तंबू ठोकायचं आणि मोहीम संपली की उठायचं. कॉलेजचं कॅम्पस पण त्याच मुळातलं. आजही रक्तदानाचा कॅम्प, डोळे तपासणीचा कॅम्प म्हटलं की चार दिवसांचंच काम असतं ना. कँटोन्मेंट मात्र फ्रेंचमधून आला, त्यातला कँटन म्हणजे कोपरा किंवा मुलखाचा भाग, स्वित्झर्लंडचे कँटन तेच. युरोपात कँटोन्मेंट म्हणजे सैनिकांना गावोगावी वाटून राहायला जागा देणं, तेही तात्पुरतंच. कायमचं लष्करी ठाणं हा अर्थ त्याला आपल्याकडे, इंग्रजांच्या काळात चिकटला.

पुण्यात हे अगदी डोळ्यांसमोर दिसतं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात १७ तारखेला पुणं इंग्रजांच्या हातात गेलं आणि मग पेठांच्या पूर्वेला त्यांच्या फौजेने तळ टाकला, तो कॅम्प. पण ती फौज उठलीच नाही! बराकी आल्या, बंगले आले, बाजार आला, १८२५ मध्ये तर सेंट मेरी चर्च उभं राहिलं. उद्या उठून जायचंय अशा जागी कोणी दगडी चर्च बांधत नाही, त्यामुळे माझ्या मते कॅम्पचं कँटोन्मेंट झालं ते तिथेच. पुढे १९२४ चा कँटोन्मेंट कायदा आला, त्याच्या जागी २००६ चा. लोकांच्या तोंडी मात्र पहिलाच शब्द राहिला, तंबूंचा, आणि त्याला आता दोनशे वर्षं झाली.

जुनी मंडळी तर अजून 'लष्कर' म्हणतात, पोलीस स्टेशनचं नाव पण लष्करच आहे. आणि कँटोन्मेंटला आपला मराठी शब्द छावणी, तो छावणे म्हणजे शाकारणे यावरून आलेला. पावसाळ्यात मराठ्यांच्या फौजा छावणीला बसायच्या, दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या. दुष्काळात जनावरांसाठी जी चारा छावणी उघडतात, तिच्यात तो जुना, तात्पुरत्या मुक्कामाचा अर्थ अजून जिवंत आहे.