काळा पट्टा सोडा, बारीक अक्षरं वाचा

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून नव्यानं उगवतो. टूथपेस्टच्या ट्यूबच्या खालच्या टोकाला रंगीत चौकोन असतो तो म्हणे बघायचा. हिरवा असला तर माल नैसर्गिक, निळा असला तर नैसर्गिक अधिक औषधी, लाल असला तर थोडं केमिकल आणि काळा असला तर निव्वळ केमिकल. खाली ठरलेलं वाक्य, 'जनहितार्थ पुढे पाठवा'. परवा तो पुन्हा आला आणि लोकांनी बाथरूममध्ये जाऊन आपापल्या ट्यूबचे फोटोच टाकायला सुरुवात केली. काळेवाले हबकले, हिरवेवाले खूश.

त्या चौकोनाचा पेस्टशी काडीचाही संबंध नाही. ट्यूब बनते ती छापील पट्ट्याच्या लांबलचक गुंडाळीतून. कुठं कापायचं आणि कुठं दाबून सील करायचं हे मशीनला कळावं म्हणून ती खूण छापतात. सेन्सरला गडद-फिका फरक दिसला की झालं, मग ट्यूबवर जो रंग उठून दिसेल तो वापरतात. आणि केमिकल म्हणाल तर मीठही केमिकल, पंचगंगेचं पाणीही केमिकल आणि लवंगेचं तेल म्हणजे तर मुख्यतः युजेनॉल नावाचं केमिकल. खरी माहिती त्या चौकोनात नाही, मागच्या बारीक अक्षरांत आहे. ती मात्र कुणी वाचत नाही, कारण त्यासाठी चष्मा शोधावा लागतो.

मी चष्मा लावून आमच्या बेसिनवरची ट्यूब वाचली. कॅल्शियम कार्बोनेट, सॉर्बिटॉल, पाणी, सोडियम लॉरिल सल्फेट, सिलिका, सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट, सेल्युलोज गम, सोडियम सॅकॅरिन, फ्लेवर. बाजारातल्या बऱ्याच साध्या पेस्टांची कुंडली साधारण अशीच निघेल. यातलं कोण काय करतं हे कळायला आधी दातावर नेमकं काय साचतं ते बघायला हवं.

दात घासून आपण बेसिनपासून हलतो न हलतो तोच लाळेतली प्रथिनं दातावर एक अतिशय पातळ थर चढवतात. त्याला काही मिनिटं पुरतात. हा थर निरुपद्रवी असतो, उलट दाताला थोडं संरक्षणच देतो. पण पुढच्या काही तासांत त्यावर जिवाणू येऊन चिकटतात. पहिले येतात ते स्ट्रेप्टोकॉकस कुळातले. मग त्यांच्या अंगावर दुसरे, दुसऱ्यांच्या अंगावर तिसरे. सगळे मिळून स्वतःभोवती चिकट मसाला तयार करतात आणि त्यात राहतात. नखानं दात खरवडला की येतो तो पिवळट पांढरा लगदा हाच. दंतवैद्य याला प्लाक म्हणतात. म्हणजे हे अडकलेलं अन्न नव्हे, वस्ती आहे.

या वस्तीत सगळ्यात बदनाम रहिवासी म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. त्याची करामत आपल्या कोल्हापूरकरांना माहीत असायलाच हवी, कारण त्याचा कच्चा माल, म्हणजे ऊस, आपण पिकवतो. साखरेचा रेणू, म्हणजे सुक्रोज, हा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी असतो. या दोघांमधल्या बंधात बरीच ऊर्जा असते. म्यूटन्स आपल्या शरीराबाहेर एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, सोडतो. ते हा बंध तोडतं आणि त्यातून सुटणाऱ्या ऊर्जेवरच ग्लुकोजला ग्लुकोज जोडत लांब साखळ्या विणतं. बाहेरून वेगळी ऊर्जा घालावी लागत नाही. उरलेलं फ्रुक्टोज जिवाणू खाऊन टाकतो. या साखळ्यांना ग्लुकान म्हणतात आणि त्यातला एक प्रकार पाण्यात विरघळतच नाही. गुऱ्हाळाच्या काहिलीला लागलेला पाक गरम पाण्यानं सुटतो. तोच ऊस दातावर पोचून ग्लुकान झाला की कितीही चुळा भरा, सुटत नाही. भाकरी-भातातल्या पिष्टापासून हा गोंद असा थेट बनवता येत नाही. त्याला सुक्रोजच लागतं.

इथं 'नैसर्गिक'वाल्यांसाठी एक वाक्य. मार्केट यार्डातला गूळ हायड्रॉस मारून पिवळाधमक केलेला असो की भेंडीच्या रसानं मळी काढलेला काळपट सेंद्रिय असो, त्यातला बहुतांश भाग सुक्रोजच असतो. म्यूटन्स पाटी वाचत नाही.

ही वस्ती किती चिवट असते ते १६८३ सालीच एका माणसानं बघून ठेवलंय. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहुक. गडी रोज सकाळी मिठानं दात घासायचा, तरी दाढांच्या फटीत कालवलेल्या पिठासारखं पांढरं काहीतरी राहायचं. ते त्यानं स्वतः घासून बनवलेल्या भिंगाखाली धरलं तर आत जिवंत प्राणी वळवळताना दिसले. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्यानं ते कळवलं. पुढं त्यानं कडक व्हिनेगरनं खळखळून चूळ भरली आणि पुन्हा पाहिलं, तर फटीतले प्राणी जिवंतच! मात्र तोच लगदा पाण्यात कालवून त्यात थेंबभर व्हिनेगर घातल्यावर ते लगेच मेले. त्यानं काढलेला निष्कर्ष आजही खोडता येत नाही. व्हिनेगरनं वरवरचे मेले, आत ते पोचलंच नाही.

त्यामुळे पहिलं काम ब्रशचं. आणि इथं पेस्ट कंपन्यांना न आवडणारी गोष्ट सांगतो. पेस्ट लावून घासणं आणि नुसत्या ब्रशनं घासणं यांची तुलना करणारे प्रयोग एकत्र करून २०१६ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. प्लाक खरवडून काढण्याच्या कामात पेस्टमुळे वेगळी भर पडत नाही, असं त्यातून निघालं. वस्ती मोडतात ते ब्रशचे केस. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात ती ट्यूब लवकर संपावी म्हणून. वाटाण्याएवढी पुरते.

मग पेस्ट कशाला? बारीक अक्षरांकडे परत या.

कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडू. सिलिकाही त्याच जातीचं काम करते, चहा-तंबाखूचे डाग घासून काढायचं. घासणारी पूड दाताच्या वरच्या कवचापेक्षा, म्हणजे एनॅमलपेक्षा मऊ हवी. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर एनॅमल पाचच्या आसपास, खडू तीन. वाळूतलं क्वार्ट्झ सात. विटेची भुकटी किंवा राखुंडी लावली की दात चकचकीत होतात हे खरं, पण त्यात खरखरीत कण असले तर ते दातच झिजवतात. आणि मिश्री तर घासायची वस्तूच नव्हे. तव्यावर तंबाखू जाळून केलेली ती पूड बायका 'दात दुखायचे थांबतात' म्हणून लावतात आणि मग सकाळी ती लावल्याशिवाय त्यांना सुधरत नाही. ती निकोटिनची सवय असते. विकायच्या टूथपेस्ट आणि टूथपावडरीत तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यावर कायदा चालत नाही.

सॉर्बिटॉल पेस्ट सुकू देत नाही आणि गोडवा आणतं. प्लाकमधल्या जिवाणूंना ते साखरेसारखं झटपट पचत नाही. सोडियम लॉरिल सल्फेट फेस आणतं, तेलकटपणा सोडवतं, जिवाणूंच्या पेशीभोवतीच्या पटलालाही थोडं छळतं. ब्रश केल्याकेल्या संत्र्याचा रस कडू लागतो तो त्याच्यामुळेच. वरचेवर तोंड येणाऱ्यांना काही वेळा ते सोसत नाही, त्यांनी बिनफेसाची पेस्ट बघावी. फेस जास्त म्हणजे दात जास्त स्वच्छ असं मात्र काही नाही.

आता माझ्या आवडीचा पदार्थ. फ्लोराइड.

ते घालायचा सरळ मार्ग म्हणजे सोडियम फ्लोराइड. पाण्यात पडलं की फ्लोराइडचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, मोकळा. पण खडूच्या पेस्टमध्ये ते कालवलं तर खडूतलं कॅल्शियम त्याला ट्यूबमध्येच धरतं आणि कॅल्शियम फ्लोराइड होऊन बसतं. ते फारसं विरघळत नाही, म्हणजे दातापर्यंत पोचायच्या आधीच माल खलास. सुरुवातीच्या फ्लोराइड पेस्टांची गोची हीच होती. यावर दोन तोडगे निघाले. एक, खडू काढून सिलिका घालायची. दोन, सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट. यात फ्लोरीनचा अणू फॉस्फरसला सहसंयुज बंधानं पक्का जोडलेला असतो, त्यामुळे कॅल्शियमला तो सहजासहजी सापडत नाही. हा बंध सुटतो तोंडात. लाळेत आणि प्लाकमध्ये फॉस्फटेज नावाची एन्झाइमं असतात, ती फ्लोराइड मोकळं करतात. यातली बरीचशी जिवाणूंचीच. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध हत्यार आणलंय तेच ते म्यानातून काढून देतात. आता तुमच्या ट्यूबवर खडूशेजारी हे लांबलचक नाव का आहे ते कळलं असेल.

मोकळं झालेलं फ्लोराइड मुख्य काम करतं ते दातावर. एनॅमल वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज असतं, हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट. आपण गोड खाल्लं की जिवाणू काही मिनिटांत लॅक्टिक आम्ल करतात आणि प्लाकचा सामू, म्हणजे पीएच, सातच्या आसपासहून घसरतो. साधारण साडेपाचच्या खाली गेला की खनिज विरघळू लागतं. लाळ हळूहळू आम्ल निवळवते, सामू वर येतो आणि कॅल्शियम-फॉस्फेट परत दातात बसतात. ही देवघेव दिवसभर चालू असते. त्या वेळी दाताभोवतीच्या पाण्यात थोडंसं जरी फ्लोराइड असलं तरी परत बसणारं खनिज फ्लोराइडवालं होतं, आणि त्याला विरघळवायला सामू साडेचारच्या आसपास न्यावा लागतो.

दुसरं काम दुय्यम आहे, पण मला त्याचंच अप्रूप जास्त. फ्लोराइडचा आयन भारित असतो, त्याला जिवाणूच्या पटलातून आत जाणं जड जातं. मात्र त्याला एक हायड्रोजन आयन भेटला तर हायड्रोजन फ्लोराइडचा भाररहित रेणू होतो आणि तो पटलातून सहज घुसतो. असे रेणू किती, हे सामूवर ठरतं. सामू सात असताना साधारण सहा हजारांत एक. सामू पाचवर आला की हेच प्रमाण शंभर पटीनं वाढतं, कारण सामूची प्रत्येक पायरी दहा पटीची असते. आता सामू पाचवर आणला कुणी? जिवाणूनंच, साखर खाऊन. त्याच्या पेशीच्या आत मात्र सामू बाहेरपेक्षा जास्त असतो, त्यामुळे आत गेलेला रेणू फुटतो. फ्लोराइड आत अडकतं, कारण भारित झाल्यामुळे त्याला बाहेरची वाट नाही. शिवाय सुटलेला हायड्रोजन आयन पेशीला आतून आम्लधर्मी करतो. आणि अडकलेलं फ्लोराइड इनोलेज नावाच्या एन्झाइमला लकवा मारतं. साखरेपासून ऊर्जा मिळवायच्या साखळीतली ती शेवटून दुसरी कडी. ती अडली की ऊर्जाही अडली आणि नवी साखर आत ओढायलाही म्यूटन्सला त्याच कडीतून निघणारा पदार्थ लागतो. जितकं आम्ल जास्त, तितकं फ्लोराइड आत जास्त. जिवाणूचं करणं त्याच्याच अंगाशी येतं.

भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा, जास्त चालत नाही आणि किती आहे ते ट्यूबवर छापावं लागतं. बघायचंच असेल तर हा आकडा बघा. फ्लोराइड म्हणजे विष, हा दुसरा लाडका मेसेज. दात आणि हाडं बिघडवणारा फ्लोरोसिस खरा आहे, पण तो मुख्यतः पिण्याच्या पाण्यातून येतो. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांच्या बोअरचं पाणी हे त्याचं उदाहरण. लहान पोरं पेस्ट गिळतात, म्हणून तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढीच द्यायची. मोठ्यांनी उलट करायचं, घासून झाल्यावर नुसतं थुंकायचं. खळखळून चुळा भरल्या की वर सांगितलेली सगळी केमिस्ट्री बेसिनमध्ये जाते. रात्रीचा ब्रश जास्त कामाचा तो यासाठीच, झोपेत लाळ कमी सुटते आणि फ्लोराइड रेंगाळतं.

बाकीची मंडळी थोडक्यात. कथिल आणि जस्ताचे क्षार जिवाणूंची वाढ रोखतात, जस्त तोंडाचा वासही कमी करतं. ट्रायक्लोसॅन हे जंतुनाशक घातलेल्या पेस्टांमुळे प्लाक सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो असं २०१३ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं होतं, पण तेच रसायन अमेरिकेनं २०१६ मध्ये हात धुवायच्या साबणांतून बाद केलं आणि पेस्टवाल्यांनीही हळूहळू त्याची साथ सोडली. लवंग ठणका बधिर करते, कारण नाहीसं करत नाही. आणि आठवडी बाजारात रिंगणीच्या बियांचा धूर देऊन दातातली 'कीड' पाडून दाखवणाऱ्याकडे जाऊ नका. युरोपातही अशाच बियांची ही हातचलाखी चालायची. तापलेली बी फुटते आणि आतला वळलेला पांढरा अंकुर बाहेर पडतो, तोच किडा म्हणून दाखवतात.

एक गोष्ट कुठलीच पेस्ट करत नाही. ब्रश न पोचलेल्या जागी प्लाकमध्ये लाळेतलं कॅल्शियम बसत जातं आणि काही दिवसांत त्याचा दगड व्हायला लागतो. पेस्टमधलं पायरोफॉस्फेट हे दगड होणं लांबवतं, पण झालेला दगड काढत नाही. तो दंतवैद्याच्या अवजारानंच निघतो. 'स्केलिंग केल्यावर दात हलायला लागले' अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. दात आधीच हलत होते. दगडानं हिरडी आणि हाड मागं सरकवलेलं असतं आणि तोच दगड दातांना एकमेकांत बांधून ठेवत असतो. तो निघाला की हलणं जाणवतं, आणि बोल लागतो डॉक्टरला.