दूरस्थ मतदान आणि ब्लॉकचेन : एका बारगळलेल्या प्रस्तावाची पार्श्वभूमी

मतदान ब्लॉकचेनवर, म्हणजे एकमेकींत गुंफलेल्या आणि मागाहून सहजी बदलता न येणाऱ्या नोंदींच्या संगणकीय साखळीवर घ्यावे, अशी सूचना अलीकडे निवडणुका तोंडावर आल्या की कोल्हापुरात हमखास कानावर येते. मतदान यंत्राबद्दल मनात शंका असलेले ती करतात आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुलांनी केवळ एका बटणासाठी गावी का यावे, असे विचारणारेही तीच करतात. दोघांच्या अपेक्षा मात्र वेगळ्या आहेत. एकाला नोंदवलेले मत नंतर बदलले गेले नाही याची खात्री हवी आहे, तर दुसऱ्याला मतदान केंद्रापर्यंतची पायपीट वाचवायची आहे. या दोन अपेक्षा एकाच तंत्रज्ञानाच्या गळ्यात कशा पडल्या आणि २०२० ते २०२३ या काळात आपल्या देशात त्यांचे पुढे काय झाले, हे पाहिल्याशिवाय आजच्या चर्चेचा अर्थ नीट लागत नाही.

मतदान यंत्राचा इतिहास वाचकांना सर्वसाधारणपणे ठाऊक आहे, म्हणून त्यातील दोनच टप्पे येथे पुरेत. १९८२ मध्ये केरळातील परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर यंत्रे प्रथम वापरली गेली, परंतु कायद्यात तशी तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तेथील मतदान रद्द ठरवले आणि कागदावर झालेल्या फेरमतदानात निकालच उलटला. यंत्राला कायद्याचा आधार मिळाला तो १९८९ मध्ये. दुसरा टप्पा २०१३ चा. त्या वर्षी नागालँडमधील नोकसेन पोटनिवडणुकीत कागदी चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट प्रथम जोडले गेले आणि मतदाराला सात सेकंद का होईना, आपले मत कागदावर पाहता येऊ लागले. म्हणजे यंत्रावरचा अविश्वास दूर करण्यासाठी आपल्या व्यवस्थेने शेवटी पुन्हा कागदाचाच आधार घेतला, ही गोष्ट पुढील विवेचनात लक्षात ठेवावी लागेल.

संगणकशास्त्रात मात्र विचार वेगळ्या दिशेने चालला होता. संदेश कोणाचा हे कळू नये अशा रीतीने तो मिसळून पुढे पाठवण्याची कल्पना १९८१ मध्ये मांडली गेली आणि तिचा निवडणुकीत उपयोग होऊ शकेल, हे तेव्हाच सुचवले गेले होते. दस्तऐवजांच्या नोंदी एकमेकींत गुंफून त्यांत मागाहून फेरफार करणे अशक्यप्राय करण्याची युक्ती १९९१ ची आहे, तर २००८ मध्ये आभासी चलनाच्या निमित्ताने तिला आजचे रूप मिळाले. यांपैकी पहिली कल्पना मताच्या गुप्ततेची होती आणि दुसरी नोंदीच्या अखंडतेची. ब्लॉकचेन मतदानाचे समर्थक बहुतेक वेळा दुसरीबद्दल बोलतात आणि पहिली आपोआप साधेल असे गृहीत धरतात.

परदेशातील उदाहरणे देताना तर आणखी गोंधळ होतो. एस्टोनियाचे नाव हटकून घेतले जाते, पण तेथील इंटरनेट मतदान २००५ पासून सुरू आहे, म्हणजे ब्लॉकचेन हा शब्द रूढ होण्याच्याही आधीपासून, आणि ते मतदान ब्लॉकचेनवर होत नाही. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत तेथे निम्म्याहून अधिक मते इंटरनेटवरून पडली, यामागचे खरे बळ डिजिटल सहीची सोय असलेल्या ओळखपत्राचे आहे. शिवाय तेथील मतदार आपले मत पुन्हा नोंदवू शकतो आणि शेवटचेच मत मोजले जाते, जेणेकरून कोणी शेजारी बसून मत घेतलेच तर ते नंतर बदलता यावे. सिएरा लिओनने मार्च २०१८ मध्ये जगातील पहिली ब्लॉकचेन निवडणूक घेतली, असेही ठासून सांगितले जाते. प्रत्यक्षात एका खासगी कंपनीने निरीक्षक या नात्याने देशाच्या पश्चिम भागातील काही केंद्रांची मोजणी स्वतःपुरती ब्लॉकचेनवर नोंदवली होती. आपण हे तंत्रज्ञान वापरलेच नाही, असे तेथील निवडणूक यंत्रणेला जाहीर करावे लागले.

खरोखर मते गोळा केली गेली ती दोन ठिकाणची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये परदेशस्थ सैनिक आणि नागरिकांसाठी मोबाइल अ‍ॅप वापरले आणि त्यावरून १४४ मते आली. फेब्रुवारी २०२० मध्ये संशोधकांनी त्या अ‍ॅपमधील त्रुटी दाखवून दिल्या. फोनच ताब्यात घेतला तर मत साखळीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पाहता, अडवता किंवा बदलता येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतर राज्याने ते अ‍ॅप बाजूला ठेवले. मॉस्कोच्या नगरसभेसाठी सप्टेंबर २०१९ मध्ये तीन मतदारसंघांत असेच ऑनलाइन मतदान झाले. त्याच्या महिनाभर आधी एका फ्रेंच संशोधकाने मतांवरील कूटलेखन, म्हणजे मत गुप्त ठेवणारी सांकेतिक मांडणी, साध्या संगणकावर सुमारे वीस मिनिटांत फोडून दाखवले, कारण त्यासाठी वापरलेल्या अंकीय किल्ल्या फारच लहान होत्या. दोन्ही ठिकाणी साखळी शाबूत राहिली आणि दोष तिच्या आधी किंवा बाहेर सापडला. खोटे मत एकदा साखळीत शिरले की ती त्याचीही तितक्याच निष्ठेने राखण करते.

आता आपल्याकडच्या निर्णयाकडे वळू. फेब्रुवारी २०२० मध्ये निवडणूक आयोग चेन्नईतील एका नामवंत तंत्रशिक्षण संस्थेच्या सहकार्याने दूरस्थ मतदानाचा अभ्यास करत असल्याचे जाहीर झाले आणि त्यात ब्लॉकचेनचा स्पष्ट उल्लेख होता. वृत्तपत्रांनी त्याचा अर्थ घरबसल्या मतदान असा लावला. आयोगाला मग खुलासा करावा लागला की मतदाराने ठरवून दिलेल्या केंद्रावर जायचेच आहे, फक्त ते केंद्र त्याच्या मतदारसंघातच असले पाहिजे असे नाही. चेन्नईत राहणाऱ्या राजस्थानच्या मतदाराला चेन्नईतच मत देता यावे, असा हा बेत होता. कोल्हापूरच्या भाषेत सांगायचे तर इचलकरंजीच्या यंत्रमागावर राबणाऱ्या उत्तर प्रदेश-बिहारच्या कामगाराने इचलकरंजीतूनच आपल्या गावच्या उमेदवाराला मत द्यायचे.

त्या वेळी मांडलेली कार्यपद्धती बारकाईने वाचण्याजोगी आहे. नेमून दिलेल्या केंद्रावर, नेमून दिलेल्या उपकरणांवर आणि स्वतंत्र इंटरनेट जोडणीवर मतदान होणार होते. बायोमेट्रिक साधने आणि कॅमेरा यांच्या साहाय्याने मतदाराची ओळख पटली की केवळ त्याच्यासाठी एक ई-मतपत्रिका तयार होणार होती. मत दिल्यावर ते कूटबद्ध होऊन त्याचा हॅश, म्हणजे त्या नोंदीचा अंकीय ठसा, निर्माण होणार होता आणि तो उमेदवारांना व पक्षांना कळवला जाणार होता. मोजणीपूर्वी ही मते मधल्या काळात उघडली किंवा बदलली गेलेली नाहीत, हे त्या ठशांवरून ताडून पाहायचे होते.

ही रचना चतुर होती, यात शंका नाही. तरीही तिच्याबद्दलची खरी शंका गणितातली नसून पाहणाऱ्याच्या कुवतीविषयीची होती. आज आपल्या गावातील मतदान केंद्रावर पक्षाचा पोलिंग एजंट म्हणून बसलेला माणूस सकाळी किमान ५० मतांचे मॉक पोल डोळ्यांनी पाहतो, यंत्राच्या सीलवर सही करतो आणि संध्याकाळी एकूण किती मते पडली याची नमुना १७ सी मधील प्रत खिशात घालून घरी जातो. मोजणीच्या दिवशी रमणमळ्यातील गोदामात त्याच्या पक्षाचा प्रतिनिधी तो आकडा यंत्रावरच्या आकड्याशी ताडून पाहतो. यासाठी त्याला दहावीच्या पुढचे शिक्षण लागत नाही. हॅशच्या यादीवरून तोच माणूस काय ताडणार होता? जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये तेथील संगणकीय मतदान नेमक्या याच कारणाने घटनाबाह्य ठरवले होते. मतदान आणि मोजणी यांचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकाला तपासता आले पाहिजेत, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. आपल्याकडील चर्चेत या निकालाला जेवढे वजन मिळायला हवे होते तेवढे मिळाले नाही, असे या लेखकाचे मत आहे.

गुप्ततेचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो समजायला कोल्हापूर जिल्ह्यासारखा दुसरा जिल्हा नाही. येथील मोठ्या दूध संघाच्या निवडणुकीत प्राथमिक संस्था ठराव करून आपला एकेक मतदार पाठवतात आणि अशा ठरावधारकांची एकूण संख्या काही हजारांच्या पलीकडे जात नाही. मतदानापूर्वी त्यांना सहलीवर नेणे, शेवटच्या दिवशी एकत्र आणून केंद्राच्या दाराशी उतरवणे, हे प्रकार जिल्ह्याला नवे नाहीत. तरीही ठरावधारक आत जातो, रंगीत मतपत्रिकांवर पडद्याआड शिक्का मारतो आणि बाहेर येऊन दोन्ही पॅनेलच्या माणसांना सारख्याच आत्मीयतेने हात जोडतो. त्याने काय केले हे कोणालाही सिद्ध करता येत नाही, आणि मोजणीच्या रात्री क्रॉस व्होटिंगची जी चर्चा रंगते तिचे मूळ तेथे असते. आपले मत मोजले गेले याचा टिकाऊ पुरावा मतदाराच्या फोनवर आला, आणि त्यावरून ते कोणाला पडले हेही उलगडता आले, तर तोच पुरावा सहलीचा खर्च करणाऱ्याला दाखवावा लागेल. २०२० च्या आराखड्यात नेमलेल्या केंद्राचा आग्रह होता तो यासाठीच, आणि घरबसल्या मतदानाची मागणी करणारे नेमकी ही बाजू विसरतात.

गावपातळीवर गुप्तता आधीच पातळ झालेली आहे, हेही नमूद केले पाहिजे. कागदी मतपत्रिकांच्या काळात जेथे दबावाची भीती असे तेथे वेगवेगळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्रे आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसू लागला आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी कोणत्या गल्लीने कोणाला हात दिला, याचा हिशेब पेठापेठांतून मांडला जाऊ लागला. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये पुढे केला आणि विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला पाठिंबाही दिला, पण केंद्र सरकारने तो स्वीकारला नाही. अशा स्थितीत कूटबद्ध मतांची कायमची, न पुसता येणारी नोंद ठेवायची म्हटले तर आजचे कूटलेखन वीस-तीस वर्षांनी फुटल्यास काय, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

दूर असलेल्या मतदाराची अडचण सोडवण्याचा एक मार्ग आपल्याकडे आधीच रुळला होता. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या गावांत ज्या घरातील मुलगा सीमेवर आहे त्या घराला तो ठाऊक आहे. २०१६ पासून सेनादलातील मतदाराला मतपत्रिका इंटरनेटवरून पाठवली जाते. तो ती छापून घेतो, खूण करतो, घोषणापत्रासह पाकिटांत घालतो आणि टपालाने परत पाठवतो. मोजणीच्या वेळी पाकिटावरचा क्यूआर कोड तपासला जातो. मतपत्रिका तारेवरून जाते आणि मत कागदावर परत येते, अशी ही विभागणी आहे. टपालाला उशीर झाला तर मत वाया जाते, हा तिचा दोष खराच, पण काही वाद झाल्यास हातात घेऊन तपासता येईल असे काहीतरी तेथे शिल्लक राहते.

मार्च २०२१ मध्ये दूरस्थ मतदानाचा प्रायोगिक वापर लवकरच होईल आणि २०२४ च्या लोकसभेपर्यंत ही कल्पना मूर्त रूप घेईल, अशी आशा आयोगाच्या वतीने व्यक्त झाली होती. प्रत्यक्षात २९ डिसेंबर २०२२ रोजी जे जाहीर झाले ते निराळेच होते. एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेऊ शकणारे हे दूरस्थ मतदान यंत्र कोणत्याही जाळ्याला न जोडलेले, स्वतंत्र यंत्र असेल, असे त्यात म्हटले होते. छापील मतपत्रिकेच्या जागी मतदाराच्या मतदारसंघानुसार बदलणारा पडदा येणार होता. २०१९ मध्ये ६७.४ टक्के मतदान झाले आणि सुमारे ३० कोटी मतदार मतदानापासून दूर राहिले, ही चिंता त्यामागे होती. ब्लॉकचेन मात्र त्या प्रस्तावातून गळाली होती. जवळपास तीन वर्षे गाजलेल्या तंत्राला सोडचिठ्ठी का दिली, याची जाहीर आणि सविस्तर कारणमीमांसा झाली असती तर आजची निम्मी चर्चा टळली असती.

१६ जानेवारी २०२३ रोजी पक्षांच्या प्रतिनिधींपुढे ठरलेले प्रात्यक्षिकही होऊ शकले नाही. स्थलांतरित मतदार कोणाला म्हणायचे, परराज्यातील केंद्रावर पोलिंग एजंट कोठून आणायचे, तेथे आचारसंहिता कोणी राबवायची, असे प्रश्न विरोधी पक्षांनी उभे केले. मते कळवण्याची मुदत वाढवली गेली, पण २०२४ च्या निवडणुका या यंत्राविनाच झाल्या. २०२४ च्या विधानसभेला मतदानाच्या टक्केवारीत कोल्हापूर जिल्हा राज्यात आघाडीवर होता आणि त्यामागे पुण्या-मुंबईहून मतदार आणणाऱ्या गाड्यांचाही हातभार होता, ही वस्तुस्थिती या यंत्राच्या समर्थकांना आणि विरोधकांना सारखीच अडचणीची ठरावी.

घरबसल्या मतदानाची वाट मात्र राज्यांनी सोडलेली नाही. तेलंगणातील खम्मममध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये स्मार्टफोनवरील मतदानाची रंगीत तालीम झाली आणि तीत ब्लॉकचेनचा वापर होता. २८ जून २०२५ रोजी बिहारमधील काही नगरपालिकांच्या निवडणुकीत नोंदणी केलेल्या मतदारांनी मोबाइल अ‍ॅपवरून प्रत्यक्ष मते दिली आणि तेथेही ब्लॉकचेन व चेहऱ्याची पडताळणी यांचा हवाला देण्यात आला. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्यांच्या आयोगांकडे असल्यामुळे असे प्रयोग करायला त्यांना केंद्राच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

महाराष्ट्रात घडले ते याच्या उलट दिशेने. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती कारभार राहिल्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. बहुसदस्यीय प्रभागांत एकाच मतदाराला अनेक मते द्यायची असल्याने आणि नियमांत तशी तरतूद नसल्याने या निवडणुकांत व्हीव्हीपॅट वापरणे शक्य नाही, अशी भूमिका राज्याच्या यंत्रणेने घेतली होती. लोकसभा-विधानसभेला मिळणारी सात सेकंदांची चिठ्ठीही शहरातील मतदाराला महापालिकेसाठी मिळाली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी स्वतःच फेरमतदान घेण्याचा प्रयत्न केला आणि पोलिसांनी तो थांबवला, तेव्हा त्यांनीही कागदी मतपत्रिकाच छापून आणल्या होत्या.