बेनेदेत्तो ब्रिन यांच्या युद्धनौका: आधी 55 सेंटिमीटरचे चिलखत, मग काहीच नाही

1866 साली लिसाच्या लढाईत ऑस्ट्रियाच्या आरमाराने इटलीचा पराभव केला आणि 'रे दितालिया' ही युद्धनौका शत्रूच्या जहाजाची धडक बसून बुडाली. लांबलचक किनारा आणि तुटपुंजा खजिना असलेल्या या नव्या राष्ट्राला जहाजांच्या संख्येत मोठ्या आरमारांशी स्पर्धा करणे शक्य नव्हते. म्हणून थोडीच, पण एकेकटी कोणालाही भारी ठरतील अशी जहाजे बांधावीत, असा मार्ग नौकारचनाकार बेनेदेत्तो ब्रिन यांनी धरला.

1876 मध्ये जलावतरण झालेल्या 'दुइलियो'साठी इंग्लंडच्या आर्मस्ट्राँग कंपनीकडून 450 मिलिमीटर व्यासाच्या चार तोफा घेण्यात आल्या. प्रत्येक तोफेचे वजन 100 टन आणि गोळ्याचे सुमारे 900 किलो होते. तोफ तोंडाकडून भरायची असल्याने प्रत्येक बारानंतर बुरूज फिरवून नळी खाली झुकवावी लागे, आणि मग डेकखालून पाण्याच्या दाबावर चालणारा दट्ट्या दारू व गोळा आत ढकलत असे. दोन बारांमध्ये जवळजवळ पाव तास जाई.

अशा तोफेपुढे कोणते चिलखत टिकेल, हे पाहण्यासाठी त्याच वर्षी ला स्पेझियाजवळ चाचण्या झाल्या. घडीव लोखंड मऊ आणि चिवट असते, त्यामुळे गोळा त्याला भोक पाडून आरपार गेला. फ्रान्सच्या श्नायडर कारखान्याचे पोलाद कठीण असल्याने आघाताची ऊर्जा साऱ्या पत्र्यात पसरली. पत्रा तडकून फुटला, पण गोळ्याला त्याने पलीकडे जाऊ दिले नाही. ब्रिन यांनी पोलाद निवडले. मात्र 55 सेंटिमीटर जाडीचे ते चिलखत इतके जड होते की जहाजाच्या फक्त मधल्या भागालाच ते देता आले.

याच अडचणीतून पुढची 'इतालिया' जन्मली, आणि ब्रिन यांचे खरे धाडस मला इथे दिसते. तोफ चिलखताला जिंकणारच असेल तर बाजूंचे चिलखत हवे कशाला, असा प्रश्न करून त्यांनी ते पूर्णपणे काढून टाकले. पाणरेषेजवळ काही सेंटिमीटर जाडीचा पोलादी डेक आणि त्याच्या वर असंख्य लहान कप्प्यांचा थर ठेवला. काही कप्पे फुटले तरी पाणी तेवढ्यातच अडून जहाजाची तरंगण्याची क्षमता टिकावी, हा हेतू होता. वाचलेले वजन इंजिने आणि कोळशाला मिळाले, त्यामुळे 'इतालिया' ताशी सुमारे 18 सागरी मैल वेगाने धावू शकली. मोठ्या युद्धनौकेसाठी त्या काळी हा वेग विलक्षण होता.

ही योजना हळूहळू बार टाकणाऱ्या अवजड तोफा डोळ्यांसमोर ठेवून आखलेली होती. 1880च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्यम आकाराच्या, झपाट्याने मारा करणाऱ्या तोफा आणि तीव्र स्फोटकांनी भरलेले गोळे आले, तेव्हा एखाददुसरा कप्पा नव्हे, तर उघडी बाजूच्या बाजू चाळणी होण्याचा धोका उभा राहिला. ब्रिन यांच्याच 'रे उंबेर्तो' वर्गाच्या जहाजांना बाजूंवर पुन्हा सुमारे 10 सेंटिमीटर पोलाद बसवले गेले. मोठ्या गोळ्याला ते थोपवू शकत नव्हते, पण लहान स्फोटक गोळे बाहेरच फुटावेत, एवढे काम ते करू शकत होते.