गटिंग करायचंय : तार किती जाड, किती घट्ट?

चांगली टेनिस रॅकेट बऱ्याचदा तारांशिवायच विकत मिळते. मग गटिंग करणारा, म्हणजे तारा ओढून बसवणारा, दोन प्रश्न टाकतो : तार कुठली, आणि किती पौंडांच्या ताणावर? मला हे पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा मी ठसक्यात ‘साठ’ म्हणालो होतो. तारा जितक्या ताठ तितका चेंडू सुसाट, असा माझा हिशेब. पुढचे कित्येक दिवस माझे फटके सर्व्हिस लाइनच्या आगेमागे मरत राहिले, आणि कोपर दुखायला लागलं ते वेगळंच.

हिशेब उलटा होता, कारण मी चेंडूला विसरलो होतो. टेनिसचा चेंडू हा वाईट स्प्रिंग आहे. नियमाप्रमाणे तो २५४ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडला तर १३५ ते १४७ सेंटिमीटरच उसळायला हवा. म्हणजे जवळपास निम्मी ऊर्जा त्याचं रबर दबता-फुलताना खाऊन टाकतं. तारा मात्र साठवलेल्या ऊर्जेतली बहुतेक परत देतात. घरी करून बघण्यासारखं आहे. रॅकेट जमिनीवर सपाट ठेवा, चौकट पायांनी घट्ट दाबून धरा आणि छातीच्या उंचीवरून चेंडू तारांच्या मधोमध सोडा. मग तोच चेंडू तेवढ्याच उंचीवरून फरशीवर सोडा. तारांवरची उसळी सरळ डोळ्यांना दिसेल इतकी जास्त असते. तारा ढिल्या असल्या की दबण्याचं काम त्या अधिक करतात आणि चेंडू कमी चेपतो, म्हणून वाया कमी जातं. ताठ तारांवर चेंडूच चपटा होतो. जोर ढिल्या तारांत आणि ताबा घट्ट तारांत, असं खेळाडू म्हणतात ते यामुळे.

पण हा जोर मापायला गेलं तर हाती फार लागत नाही. दोन-चार पौंडांच्या फरकानं चेंडूचा वेग एक टक्कासुद्धा बदलत नाही. मग फटका बेसलाइनबाहेर का जातो? चेंडू तारांवर असतो फक्त सेकंदाचे चार-पाच हजारांश. ढिल्या तारांवर तो किंचित जास्त रेंगाळतो, त्यांच्या खोलगटात जरा अधिक बसतो, आणि तेवढ्यात वर जाणारी रॅकेट त्याला थोड्या उंच कोनात सोडते. हा कोनातला फरक पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत चांगला हातभर होतो. म्हणून ‘फटके लांब जातायत’ अशी तक्रार असेल तर दोन पौंड वाढवा, आणि ‘आखूड पडतायत’ असेल तर दोन उतरवा. यापेक्षा बारीक हिशेबात मी तरी पडत नाही. सिडनी विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉड क्रॉस यांनी कसलेल्या खेळाडूंच्या हातात वेगवेगळ्या ताणाच्या रॅकेटी देऊन पाहिल्या, तेव्हा अनेकांना बऱ्यापैकी मोठा फरकही ओळखता आला नव्हता. अर्ध्या पौंडावरून हुज्जत घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

शिवाय यंत्रावरचा आकडा आणि तारांतला ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गटिंग होताना जवळ उभं राहून बघा. यंत्र एकेक उभी तार ओढतं, चिमटा ती धरून ठेवतो. आडवी तार मात्र प्रत्येक उभ्या तारेच्या एकदा वरून, एकदा खालून विणत न्यावी लागते. तिथल्या घर्षणात ओढीचा काही भाग हरवतो. पुन्हा यंत्रायंत्रात फरक असतो. काही यंत्रं ठरलेला ताण आला की तिथंच अडकतात, काही तार सैलावेल तशी ओढतच राहतात. दोन्हींवर ५५ चा आकडा लावून निघालेल्या रॅकेटी सारख्या लागत नाहीत. त्यामुळे शक्यतो एकाच यंत्रावर, एकाच माणसाकडून करून घ्यावं. निदान तुमचा ५५ हा तुमच्यापुरता तरी ५५ राहतो.

आता जाडी. इथला गेजचा आकडा उलटा चालतो : १५ जाड, १८ बारीक. एका गेजमध्ये जाडीचा पट्टा बसतो, त्यामुळे एकाची १७ गेज १.२५ मिलिमीटर तर दुसऱ्याची १.२० असू शकते. तेव्हा पाकिटावरचे मिलिमीटर वाचावेत. १.३० आणि १.२० हा फरक नखाएवढाही नाही, पण क्षेत्रफळ जाडीच्या वर्गानुसार बदलतं, म्हणून बारीक तारेत पदार्थ जवळजवळ १५ टक्के कमी असतो. ती थोडी जास्त ताणते, हाताला जिवंत लागते, आणि लवकर मरते. कशी, ते बघायचं तर काही आठवडे खेळलेली उभी तार बोटानं बाजूला सारा आणि आडवी तार जिथं तिला ओलांडते तिथं नख फिरवा. खाच लागेल. प्रत्येक फटक्याला उभी तार आडवीवर घासते आणि करवत चालावी तशी कापली जाते. खाच दोन्ही तारांत सारखी पडली तरी बारीक तारेला ती आधी पुरते. बारीक तारेनं स्पिन खूप वाढतो ही ख्याती मात्र मला फुगवलेली वाटते.

स्पिन येतो तो मुख्यतः तारा सरकण्यातून. चेंडू ब्रश केल्यासारखा घासला जातो तेव्हा उभ्या तारा बाजूला सरकतात, आणि चेंडू सुटायच्या आत झटक्यानं जागेवर आल्या तर जाता जाता त्याला गरगरवतात. जर्मनीच्या वेर्नर फिशर यांनी केलेली, १९७७ मध्ये गाजलेली ‘स्पॅगेटी’ रॅकेट हेच करायची. तिच्यात उभ्या तारांचे दोन थर होते, ते आडव्यांत न विणता मोकळे सोडलेले. त्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्सला रोमानियाचा इली नास्तासे ती घेऊन अर्जेंटिनाच्या गिलेर्मो व्हिलासविरुद्ध उतरला. क्ले कोर्टवर सलग ५३ सामने जिंकलेल्या व्हिलासनं दोन सेट गमावल्यावर वैतागून सामना सोडला. लगेच या रॅकेटीवर बंदी आली, आणि तारा एकमेकींत विणलेल्याच हव्यात असा नियम झाला.

तोच गुण पुढे नियमात बसून परत आला. १९९७ मध्ये ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेननं लक्सिलॉन कंपनीच्या पॉलिएस्टर तारांवर फ्रेंच ओपन जिंकली. पॉलिएस्टर गुळगुळीत आणि ताठ असतं, त्यामुळे विणलेली असूनही तार सरकते आणि उसळून जागेवर येते. नायलॉनच्या तारा सरकलेल्याच राहतात. दोन फटक्यांमध्ये बोटांनी तारा सरळ करणारे खेळाडू आठवा.

म्हणून माझ्या मते पौंड आणि गेज यांच्या आधी तार कशाची हे ठरवावं. सगळ्यांत मऊ आणि ताण सगळ्यांत छान टिकवणारं अजूनही खरं आतडंच. फ्रान्समधल्या लियाँची बाबोला कंपनी ते १८७५ पासून टेनिससाठी वळते आहे. आतड्याच्या दोरीला आपल्याकडे ‘तात’ म्हणतात. इंग्रजांची ‘गट’ तीच, आणि आपलं ‘गटिंग’ त्यातूनच आलं. नायलॉनच्या बारीक धाग्यांची मल्टिफिलामेंट तार आतड्याच्या जवळ जाते. पॉलिएस्टर कडक, आणि ताण गमावण्यात सगळ्यांत पुढे. तुटत नाही म्हणून महिनोन्‌महिने तेच वापरणारे खेळाडू निर्जीव तारांवर खेळत असतात आणि त्याची किंमत कोपर मोजतं. फेडररसारखे खेळाडू उभी तात आणि आडवं पॉलिएस्टर असा मेळ घालत.

पहिल्या गटिंगसाठी मी मल्टिफिलामेंट, १.३० मिलिमीटर, आणि चौकटीवर छापलेल्या पट्ट्याचा मध्य सांगेन. छापलं असेल ५० ते ६०, तर ५५, म्हणजे साधारण २५ किलो. पॉलिएस्टरच हवं असेल तर पाचेक पौंड खाली. रॅकेटचं डोकं मोठं असेल तर तारा लांब आणि म्हणून मऊ लागतात, तिथं थोडं वर जायला हरकत नाही. स्वीडनच्या ब्योर्न बोर्गच्या लाकडी रॅकेटी ८० पौंडांच्या आसपास ताणलेल्या असत, पण ती डोकी आजच्या मानानं अगदीच लहान.

तार तुटली तर बाकीच्याही त्याच दिवशी कापून टाका, मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला. २५ किलोच्या १६ उभ्या तारा चौकटीला एका दिशेनं ४०० किलोंनी आवळतात आणि १९ आडव्या दुसऱ्या दिशेनं पावणेपाचशे किलोंनी. एक तुटली की हा तोल जातो, आणि पिशवीत आठवडाभर पडलेली चौकट हळूहळू वाकडी होत राहते.